कान, खांदा आणि ओळंबा

आमच्या फाटकाचा डावा खांब मी पाडला, असे शेजारीपाजारी सांगतात. तांत्रिकदृष्ट्या हे विधान चुकीचे आहे. खांब पडला नाही. तो ओळंब्यातून सुमारे चार अंश कलला, आणि आजही त्याच अवस्थेत निष्ठेने उभा आहे. गाडी मागे घेताना मी आरशात पाहत होतो. आरशात खांब दिसत नव्हता. आणि जे दिसत नाही ते तिथे नाही, असा तंत्रनिकेतनाची पदविका मिळवलेल्या माणसाला मुळीच न शोभणारा निष्कर्ष मी काढला. मागे वळून पाहिले असते तर खांब दिसला असता. पण मागे वळून पाहणे हीच तर खरी अडचण होती.

आवाज ऐकून मुलगी वरच्या मजल्यावरून धावत खाली आली. तिने आधी खांब पाहिला, मग गाडीचा फुटलेला दिवा, आणि सर्वांत शेवटी मला.

"बाबा, तू मागे बघितलं होतंस का?"

"अर्थात."

"कसं बघितलंस? दाखव."

मी दाखवले. म्हणजे कमरेपासून वरचा सगळा मी, जड कपाट सरकवावे तसा, एकसंध वळू लागलो; आसनाच्या पट्ट्याने मला अर्ध्यावरच अडवले. मान आपल्या जागी होती. पट्ट्याचा यात काही दोष नव्हता.

"किल्ली दे," मुलगी म्हणाली.

किल्ली देणे म्हणजे काय देणे होते, हे सांगायला हवे. माझी पत्नी शहराबाहेरच्या अंधशाळेत आठवड्यातून दोन संध्याकाळी गाणे शिकवते. परतीच्या वेळी त्या रस्त्याला बस नसते. म्हणून तिला नेणे-आणणे हे गेली कित्येक वर्षे माझे काम. जाताना ती त्या दिवशीचे गाणे स्वतःशी घोळवते, येताना बोलते. आमच्या संसारातले बहुतेक खरे बोलणे त्याच रस्त्यावर झालेले आहे. घरात आम्ही एकमेकांना केवळ सूचना देतो: दूध आले, नळ गळतो आहे, चष्मा डोक्यावर आहे.

किल्ली गेली आणि शेजारचे दंतवैद्य मदतीला धावून आले. "वहिनींना मी सोडत जाईन हो, मला काय, फिरणंच होईल." दंतवैद्य विधुर आहेत, दिलदार आहेत, आणि त्यांचा आवाज चांगला आहे, असे माझ्या पत्नीचे मत आहे. पहिल्या दिवशी परत आल्यावर ती म्हणाली, "जाताना दोघं मिळून अख्खं गाणं बसवलं. त्यांना वरचा स्वर अगदी सहज लागतो." मला कोणताही स्वर लागत नाही. मी गाडीत इंजिनाचा आवाज ऐकतो.

मुलीची अट साधी होती. फिजिओथेरपिस्टने 'मान दोन्ही बाजूंना नीट वळते' असे सांगितले की किल्ली परत. नाही म्हणाली तर गाडी विकायची. "आणि मग आईला दंतवैद्यकाका आहेतच," असेही ती सहज म्हणून गेली. मी लगेच वेळ घेतली.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीपेक्षाही लहान होती. तिच्या खोलीत एक उंच पलंग होता, भिंतीला लावलेला पूर्ण उंचीचा आरसा होता आणि कोपऱ्यात रबरी पट्टे टांगलेले होते. तिने मला बाजूने उभे करून मोबाइलवर फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. एक अनोळखी म्हातारा त्या फोटोत कोणत्या तरी बारीक वस्तूकडे टक लावून उभा होता. त्याचे धड एका खोलीत होते आणि डोके पुढच्या खोलीत जाण्याच्या तयारीत होते.

"काका, हा तुमचा कान, हा खांदा. कान खांद्याच्या बरोबर वर हवा. तुमचा पुढे गेलाय. म्हणून मागचे स्नायू दिवसभर डोकं धरून बसतात, आखडतात, आणि मान वळत नाही. काम काय करत होता तुम्ही?"

"सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागाचा प्रमुख होतो." हे सांगताना माझी मान थोडी ताठ झाली असावी असे मला वाटले. फोटो पाहिल्यावर ते शक्य नव्हते.

"म्हणजे वाकून बारीक बघायचं काम."

तसेच ते होते. प्रत्येक भाग हातात घ्यायचा, मापनयंत्र लावायचे, अंकावर डोळा रोखायचा. कामगार म्हणत, "साहेब, पुरेसं आहे की!" आणि मी म्हणे, "पुरेसं हे माप नाही," आणि भाग परत पाठवी. हे वाक्य मला स्वतःला फार आवडत असे. कारखान्यात मला 'बगळा' म्हणत, हे मला निरोप समारंभात कळले, तेही माझ्यावर निस्सीम प्रेम असणाऱ्या माणसाने भाषणाच्या भरात सांगितले म्हणून. मी तेव्हा त्याचा अर्थ एकाग्रता असा घेतला होता.

"किती पुढे आहे?" मी विचारले.

"बराच."

"बराच म्हणजे?"

"काका, बराच म्हणजे बराच. आता बसा आणि हनुवटी आत घ्या. खाली नाही, आत. लहानपणी एखादी आत्या गालगुच्चा घ्यायला पुढे आली की मान कशी मागे न्यायचात? तशी."

मला अशी आत्या होती. मान बरोबर मागे गेली, गळ्याखाली दुसरी हनुवटी उगवली, आणि सोबत आलेल्या माझ्या पत्नीने तोंडाला पदर लावला.

मग तिने आणखी दोन व्यायाम शिकवले: भिंतीला पाठ टेकवून डोके हलकेच मागे लावणे, आणि खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे ओढून धरणे. शेवटी मान सावकाश एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवायची. "जोर लावायचा नाही. दुखलं की थांबायचं. थोडं थोडं, पण दिवसभर. आणि सारखं किती सुधारलं ते बघत बसू..." यापुढचे मी ऐकले नाही. मी ओळंब्याचा विचार करू लागलो होतो.

'बराच' हे माप नाही, हे आपणांस मान्य व्हावे. जे मोजले नाही ते सुधारता येत नाही, या तत्त्वावर मी आयुष्यभर पगार घेतला होता. त्याच संध्याकाळी मी निजण्याच्या खोलीच्या चौकटीला वरून दोऱ्याने ओळंबा सोडला. खांद्याचे हाड त्या दोऱ्याला लावून उभे राहायचे. कानाच्या उंचीवर एक पोलादी पट्टी आडवी बसवली. माझ्या चष्म्याच्या काडीला, कानापाशी, आगपेटीची एक काडी काटकोनात बांधली. ती पट्टीवर जिथे येईल तो माझा अंक; अंक जितका मोठा, तितकी मान पुढे. उभ्या उभ्या तो वाचता यावा म्हणून समोर दाढीचा आरसा टांगला. अंक आरशात उलटे दिसत, पण उलटे अंक वाचणे मला नवीन नव्हते.

त्याच चौकटीवर मुलीच्या लहानपणीच्या उंचीच्या पेन्सिलखुणा होत्या. तिच्या खुणा वर वर चढत गेल्या होत्या. माझ्या खुणा त्यांच्या शेजारी सुरू झाल्या आणि आडव्या जाऊ लागल्या.

"हे काय उभारलंय?" पत्नीने विचारले.

"मानेचं मापनयंत्र."

"माणूस बसेल का त्यात, की नुसतीच मान?"

मी वाचन घेत होतो.

पहिले वाचन फारसे वाईट नव्हते. मी व्यायाम केले. दुसऱ्या दिवशी अंक थोडा वाढला. नव्या यंत्राला रुळायला वेळ लागतो, असे मी स्वतःला समजावले. त्यानंतर तो पुन्हा वाढला. मी व्यायाम दुप्पट केले. पट्टीवर केवळ मिलिमीटर आहेत, एवढ्या जाड मापाने सूक्ष्म सुधारणा कशी कळणार, असा मला संशय आला. म्हणून मी अर्ध्या मिलिमीटरची पट्टी आणून बसवली. अंक आणखी वाढला. मी भिंतीला डोके हलकेच लावण्याऐवजी दाबून लावू लागलो. भिंत जागची हलली नाही. मान रात्रंदिवस ठणकू लागली, आणि मी ठणका हा प्रगतीचा पुरावा मानला, कारण दुसरा कोणताच पुरावा उपलब्ध नव्हता.

"अहो, त्या मुलीनं दुखलं की थांबा म्हणून सांगितलं होतं ना?"

"कल चुकीच्या दिशेला आहे. आता थांबलो तर हातचं जाईल."

"हातात काय आहे तुमच्या?"

बाहेर दंतवैद्यांच्या गाडीचा भोंगा वाजला. पत्नीने पर्स उचलली आणि ती गेली. मी खिडकीतून पाहिले. म्हणजे पाहण्याचा प्रयत्न केला. गाडी फाटकातून वळून दिसेनाशी होईपर्यंत मला सगळे अंग फिरवावे लागले, आणि तेवढ्यात ती गेलेलीच होती.

ठरल्या वेळी आम्ही पुन्हा फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिने मला मान वळवायला सांगितली, दोन्ही बाजूंना, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"काका, हे आधीपेक्षा कमी झालंय. व्यायाम केलेच नाहीत का?"

हा आरोप मला झोंबला. मी उभा राहिलो आणि तपासणी विभागात नव्या माणसांना समजावत असे तसे यंत्राचे सविस्तर वर्णन केले: ओळंबा, पट्टी, चष्म्यावरची काडी, आरसा. वाचनांचा चढता क्रम सांगितला, अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीचे प्रयोजन सांगितले. सांगता सांगता माझा उत्साह वाढत गेला.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. "वाचन कसं घेता ते मला करून दाखवा. समजा, हा दोरा. तिकडे समोर तुमचा आरसा. घ्या वाचन."

मी तिच्याकडे बाजू करून उभा राहिलो, खांदा काल्पनिक दोऱ्याला लावला, हनुवटी आत घेतली आणि समोरच्या काल्पनिक आरशात पाहिले. अंक बारीक. माझा चष्मा दुहेरी काचांचा आहे. जवळचे बारीक अक्षर खालच्या काचेतून पाहावे लागते. म्हणून हनुवटी वर उचलावी लागते. आणि अर्धा मिलिमीटर वाचायचा तर थोडे जवळ जावे लागते. मी हनुवटी उचलली, थोडा जवळ गेलो, डोळे बारीक केले, आणि...

माझ्या पत्नीच्या घशातून एक विचित्र आवाज आला. फिजिओथेरपिस्टने ओठ दाबून धरले होते. तिने तेवढ्यात फोटोही काढला होता. मला तो पाहण्याची गरज नव्हती. मोठ्या आरशात मला एक बगळा दिसत होता, तळ्याच्या काठी, मासा टिपण्याच्या बेतात असलेला.

"काका," ती शक्य तितक्या गांभीर्याने म्हणाली, "तुम्ही अंक वाचायला मान पुढे काढता. म्हणून अंक मोठा येतो. तो वाचून तुम्हाला काळजी वाटते, मग पट्टी आणखी बारीक आणता, मग मान आणखी पुढे."

मी मान डोलावली. म्हणजे तेवढी ती डोलत होती.

जे यंत्र मी बांधले, ते माझी मान मोजत नव्हते. ते माझे मोजणे मोजत होते. मापनयंत्रामुळे मापात दोष येऊ नये, हा तंत्रनिकेतनातला अगदी पहिल्या वर्षाचा धडा. दुसऱ्या कोणी असे यंत्र माझ्यासमोर आणले असते, तर मी ते त्याच्यासकट परत पाठवले असते.

"पुढच्या वेळी एवढंच वळलं तर तुमच्या मुलीला मला 'नाही' म्हणून सांगावं लागेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता हसू नव्हते. "यंत्र आजच काढा. वाचायला वेगळा चष्मा करून घ्या, म्हणजे हनुवटी उचलावी लागणार नाही. आणि व्यायाम अर्धे करा, हलके करा."

"पण मोजायचं नाही, तर मान पुढे आलेली मला कळणार कशी?"

याचे उत्तर पत्नीने दिले, आणि तेही रिक्षात बसल्यावर.

"मी सांगेन."

"तू कशी सांगणार? तू स्वयंपाकघरात असतेस, मी पुढच्या खोलीत."

"ऐकून. मान पुढे आली की तुमचा आवाज दबतो. गळा आवळल्यासारखा येतो. माझ्या वर्गातली मुलं अशीच मान पुढे काढून गातात, त्यांना मी रोज हेच तर सांगते."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"लग्नापासून."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला वाटायचं, तो तुमचा साहेबी आवाज आहे."

घरी आल्यावर मी ओळंबा उतरवला. चष्म्यावरची काडी सोडवताना हात घुटमळला, हे कबूल केले पाहिजे. खुणा मात्र पुसल्या नाहीत. मुलीच्या खुणांना धक्का लागला असता, हे कारण मी दिले.

पुढचे दिवस माझ्यासाठी विचित्र होते. मी पेपर वाचता वाचता मोठ्याने एखादी बातमी सांगे, आणि आतून, कुकरच्या शिट्टीवर मात करून, आवाज येई, "आत घ्या!" मी हनुवटी आत घेई आणि बातमी पुन्हा सांगे. "हं, आता ऐकू येतंय. काय म्हणालात?" वाणसामानाच्या दुकानदाराशी फोनवर बोलताना "आत घ्या!" मुलीशी वाद घालताना "आत घ्या!" आत घेतलेल्या हनुवटीने वाद घालता येत नाही, हे मला प्रथमच कळले, माणूस आपोआप निम्मे मान्य करतो. एकदा दंतवैद्य दाराशी उभे राहून खांबाच्या दुरुस्तीबद्दल सल्ला देत होते. "आत घ्या!" असे ऐकून ते बिचारे आनंदाने आत येऊन बसले, आणि त्यांना चहा करून द्यावा लागला.

व्यायाम मी करत होतो, पण हलके, आणि किती केले ते लक्षात न ठेवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करत. हा प्रयत्न व्यायामापेक्षा अवघड होता. भिंतीला डोके टेकवून उभा असताना माझ्या मनात अंक आपोआप चालू होत. मग मी त्यांना घालवण्यासाठी पत्नी गुणगुणत असलेल्या गाण्याकडे लक्ष देई. अशा रीतीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला तिचे एक गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू आले. चांगले होते. मी तसे सांगितले. "आवाज मोकळा आहे," ती म्हणाली. माझा, म्हणजे.

शेवटच्या भेटीत फिजिओथेरपिस्टने माझी मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिली. मी किती अंश ते विचारले नाही. हे वाक्य लिहिणे सोपे आहे. तेव्हा मला जीभ दातांखाली धरावी लागली होती. "उजवीकडे छान," ती म्हणाली. "डावीकडे अजून थोडी कमी आहे, पण खूप फरक आहे. मुलीला एकदा गाडीत बसवून बघायला सांगा. मागचं दिसलं तर माझी हरकत नाही."

मुलीने परीक्षा त्याच संध्याकाळी घेतली. मी गाडीत बसलो, पट्टा लावला. ती मागे जाऊन उभी राहिली. "उजवीकडून बघ! हातात काय आहे?"

खांदे आसनाला टेकलेले ठेवून मी मान वळवली. मान वळली. माझ्या मागे एवढे मोठे जग आहे, हे मी विसरूनच गेलो होतो. "झारी!"

"डावीकडून!"

डावीकडे मान आधी अडली. माझ्यातला जुना माणूस जोर लावायला निघाला. मी हनुवटी आत घेतली, श्वास सोडला, आणि ती आणखी थोडी गेली, नेमकी इतकी की काचेच्या कडेला एक चार अंश कललेला खांब दिसू लागला, आणि खांबाआडून डोकावणारे माझ्या मुलीचे अर्धे तोंड व रिकामे हात.

"तू खांबामागे लपली आहेस! हातात काही नाही!"

ती बाहेर आली. काही क्षण ती माझ्याकडे पाहत राहिली, लहानपणी गणिताचे उत्तर बरोबर आल्यावर पाही तशी, थोडी संशयाने. मग खिडकीतून किल्ली माझ्या हातात ठेवली. "रोज व्यायाम. थांबवलास की किल्ली परत. आणि डावीकडे दोनदा बघायचं."

पत्नी फाटकाशी तयारच उभी होती. दंतवैद्यांना तिने परीक्षेच्याही आधीच येऊ नका म्हणून सांगितले होते, हे मला नंतर कळले. ती शेजारी येऊन बसली, पर्स मांडीवर घेतली आणि गाण्याची पहिली ओळ घोळवू लागली.

मी गाडी मागे घेऊ लागलो. डावीकडे पाहिले, पुन्हा पाहिले. खांब जवळ येत होता. उतरून पट्टीने अंतर मोजावे, अशी जी प्रबळ इच्छा मला झाली, तिचे वर्णन मी करणार नाही.

"किती जागा आहे हो?" गाणे थांबवून तिने विचारले.

मी खांबाकडे पाहिले, हनुवटी आत घेतली.

"पुरेशी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे चमकून पाहिले. मग तिने गाणे जिथे सोडले होते तिथून उचलले, आणि आम्ही खांबाला न लागता रस्त्यावर आलो.